मनगट मोडलं तेव्हाच पहिला रिपोर्ट आला होता

प्रश्न थोडक्यात असा. गोरेगावच्या एका ताईंच्या आई ६३ वर्षांच्या आहेत. पाळी जाऊन अठरा वर्षं झाली, मधुमेह अकरा वर्षांपासून आहे. सोसायटीतल्या मोफत शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून तपासणी झाली आणि ‘उणे २.८, हाडं ठिसूळ’ असा कागद हातात आला. घाबरून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, केली. त्यात कमरेचे मणके उणे १.६, खुब्याची मान उणे २.३ आणि खाली शेरा: ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं थोडी विरळ. एका डॉक्टरांनी वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलं. दुसऱ्यांनी ‘अजून ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा रोग) नाही, कॅल्शियम चालू ठेवा’ सांगून परत पाठवलं. आणि अगदी शेवटी, सहज आठवलं म्हणून लिहावं तसं एक वाक्य आहे: तीन वर्षांपूर्वी पावसात भाजी घेऊन येताना आई पेव्हर ब्लॉकवरून घसरली होती, उजवं मनगट मोडलं होतं, पण ते आता पूर्ण बरं आहे. ताई स्वतः ३६ वर्षांच्या आहेत. त्यांनीही टेस्ट करून घ्यावी का, हा दुसरा प्रश्न.

ताई, तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती त्या शेवटच्या वाक्यात आहे. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं म्हणजे हाडाने स्वतःच दिलेला रिपोर्ट. तुमच्या आईंना कॅल्शियमच्या पुढचे उपचार लागतील असं मला स्पष्ट वाटतं. ते मी उणे २.३ या आकड्यावरून म्हणत नाही. मोडलेलं मनगट, वय, पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेली पाळी, मधुमेह आणि त्यावर हा आकडा, असं सगळं एकत्र ठेवून म्हणतोय. आता एकेक गोष्ट पाहू.

आधी शिबिरातला कागद. टाचेवरचं ते मशीन बहुतेक वेळा अल्ट्रासाउंडवर चालतं. ध्वनिलहरी हाडातून किती वेगाने जातात आणि किती क्षीण होतात, त्यावरून ते अंदाज बांधतं. चाळणी म्हणून त्याचा थोडा उपयोग आहे. पण ऑस्टिओपोरोसिस ठरवणारी उणे २.५ ही रेषा डेक्सासाठी ठरलेली आहे, टाचेच्या मशीनसाठी नाही. त्यामुळे त्या आकड्यावर रोगाचं नाव ठरत नाही, औषध सुरू करता येत नाही आणि औषधाचा परिणाम झाला का हेही मोजता येत नाही. शिबिरात शेजारीच कॅल्शियमच्या डब्यांचं टेबल असेल तर कागद घ्या आणि घरी या. तुम्ही पुढे जाऊन डेक्सा केलात, हे उत्तम केलंत.

डेक्सा ही आजची खरी तपासणी. दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण हाडातून जातात, आणि मऊ भाग वजा करून हाडात खनिज किती आहे ते निघतं. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, सुई नाही, बोगद्यात जायचं नाही. किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असते. कॅल्शियमची गोळी मात्र आदल्या दिवसापासून बंद ठेवावी, कारण न विरघळलेली गोळी पोटात असली तर ती मणक्यावर सावली टाकते. बेरियम किंवा रंगद्रव्याची तपासणी नुकतीच झाली असेल तर आठ-पंधरा दिवस थांबावं.

टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण बाईच्या सरासरी हाडापासून तुम्ही किती खाली आहात त्याचं माप. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली त्याच्या रेषा आखल्या. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. एक घर, म्हणजे एका अंकाने, खाली गेलं की हाड मोडण्याचा धोका ढोबळमानाने दुप्पट धरतात. पण हा उतार आहे, पायरी नाही. उणे २.४ ला हाड भक्कम आणि उणे २.६ ला ठिसूळ, असं कुठल्याही माणसात होत नाही. पडून हाड मोडलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींचा स्कोअर उणे २.५ च्या वरच असतो, कारण त्या पट्ट्यात बायकांची संख्याच खूप मोठी आहे. म्हणून ‘ऑस्टिओपेनिया’ हा शब्द मला आवडत नाही. तो ऐकला की पेशंट निश्चिंत होतो, आणि कधीकधी डॉक्टरही.

आता तुम्ही पाठवलेला रिपोर्टचा फोटो नीट बघा. शेवटच्या ओळीतली सरासरी सोडा, वरच्या चार ओळी वाचा. पहिला मणका उणे २.४, दुसरा उणे २.२, तिसरा उणे १.०, चौथा उणे ०.८. एकाच बाईच्या एकाच पाठीत, एकमेकांना लागून असलेल्या मणक्यांत एवढा फरक कसा? बाजूचं चित्र पाहिलं की कळतं. तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या कडा पांढऱ्याफटक दिसतायत, चोचीसारख्या बाहेर आल्यायत. ही वयानुसार होणारी झीज आहे. कडेला वाढलेलं ते हाड मशीन घनतेत मोजतं, पण वजन पेलायला त्याचा काडीचा उपयोग नाही. महारोहिणीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत) कॅल्शियम साचलं असेल किंवा एखादा मणका दबून चपटा झाला असेल, तरी आकडा असाच खोटा चांगला येतो. शेजारच्या मणक्यापेक्षा एका घराहून जास्त फरक असेल तर तो मणका हिशेबातून काढायचा असतो. खालचे दोन काढले की आईंची पाठ उणे १.६ राहत नाही, उणे २.३ च्या आसपास जाते. म्हणजे पाठ आणि खुबा दोघंही एकच गोष्ट सांगतायत.

खुब्याचं चित्रही पाहा. पाय आतल्या बाजूला वळवून पट्ट्याने बांधून फोटो घ्यायचा असतो. तसा घेतला तर मांडीच्या हाडाचा आतला छोटा उंचवटा जेमतेम दिसतो. तो ठळक दिसत असेल तर पाय नीट वळवलेला नव्हता आणि मानेचा आकडा चुकू शकतो. आईंचा फोटो बरोबर आहे. एवढं सविस्तर सांगतोय कारण डेक्साची चित्रं कुणी बघतच नाही. फाईलमध्ये फक्त शेवटचा आकडा अधोरेखित केलेला असतो.

आता मनगट. इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत गिरगावच्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या, साठीच्या. चाळीच्या सामायिक नळाजवळ घसरल्या, हात टेकला आणि मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकडं झालं. मी ते छान बसवलं, सहा आठवडे प्लास्टर ठेवलं, नंतर बोटांचे व्यायाम दिले. काकू खूश, मीही खूश. पेढे घेऊन आल्या होत्या. हाड इतक्या सहज का मोडलं, हे मी विचारलंच नाही. डेक्सा लिहून दिला नाही, रक्त तपासलं नाही, पाळी कधी गेली हेही माझ्या कागदावर नव्हतं. सहा वर्षांनी त्यांना चादरीत उचलून आणलं. खुबा मोडला होता. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण त्यानंतर काकू एकट्या जिना उतरल्या नाहीत, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गेल्या. खुबा मोडलेल्या साधारण पाच वृद्धांपैकी एक जण वर्षभरात दगावतो, ही जगभरची नोंद आहे. ती मी परीक्षेसाठी पाठ केली होती. माझ्या हातात मनगट होतं तेव्हा सहा वर्षं शिल्लक होती, आणि मी ती वाया घालवली. तेव्हापासून पन्नाशीनंतरचं साध्या पडण्याने मोडलेलं एकही मनगट मी नुसतं जोडून घरी पाठवलेलं नाही.

मनगट सहसा पहिलं मोडतं, कारण पन्नाशी-साठीतला माणूस पडताना हात पुढे टाकतो. पंचाहत्तरीत ती चपळाई राहत नाही, तेव्हा माणूस थेट कुशीवर पडतो आणि खुबा जातो. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल तर आकडा काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच. आणि मनगट, दंडाचा वरचा भाग किंवा कटीचं हाड मोडलेलं असून घनता ऑस्टिओपेनियाच्या पट्ट्यात असेल तरीही तोच निष्कर्ष काढावा, असं आज अनेक तज्ज्ञ संघटनांचं मत आहे. तुमच्या आई नेमक्या इथे बसतात.

मणक्याचं फ्रॅक्चर वेगळ्याच प्रकारे फसवतं. तीनांपैकी दोन वेळा ते कुणाच्या लक्षातही येत नाही. चार दिवस पाठ दुखली, बाम चोळला, विसरले. म्हणून आज रात्री आईंची उंची मोजा. अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर जाड पुस्तक आडवं ठेवून पेन्सिलीने खूण करा. मग ती त्यांच्या लग्नाच्या वेळच्या उंचीशी ताडून पाहा. स्थळासाठी दिलेल्या कागदावर उंची हमखास लिहिलेली असते, आणि आपल्या आयांना ती तोंडपाठ असते. तेव्हा पाच फूट दोन होती आणि आता पाच फूट अर्धा इंच भरली, म्हणजे दीड इंच गेली, तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढायलाच हवा. वरच्या फळीवरचा डबा पूर्वी हाताला यायचा आणि आता येत नाही, हेही विचारा. एखादा मणका दबलेला निघाला तर उपचारांचा जोर वाढवावा लागेल.

धोक्याचा अंदाज बांधायला फ्रॅक्स नावाची गणना आहे, इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातून २००८ साली आलेली, आणि तिच्यात भारतासाठी वेगळा हिशेब आहे. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइड, धूम्रपान, दारू, संधिवात (ऱ्हुमॅटॉइड प्रकारचा) असं विचारून पुढच्या दहा वर्षांतला धोका ती टक्क्यांत देते. आजींचा खुबा मोडला होता का, हे मात्र घरात विचारून ठेवा. ‘पडल्या आणि मग अंथरुणालाच खिळल्या’ असं उत्तर आलं तर बहुधा तो खुबाच होता. फ्रॅक्सच्या नेहमीच्या प्रश्नांत टाइप २ मधुमेह येत नाही, ही तिची मोठी उणीव. मधुमेह्यांचं हाड आकड्याला बरं दिसतं आणि तरी लवकर मोडतं, कारण वर्षानुवर्षांच्या साखरेने त्याची वीणच बिघडते. त्यात डोळे अधू, पाय बधिर, कधी रात्री साखर एकदम उतरून येणारी चक्कर, म्हणजे पडण्याचंही निमित्त. म्हणून आम्ही मधुमेह असेल तर संधिवाताच्या चौकटीत खूण करतो, म्हणजे अंदाज सत्याच्या थोडा जवळ येतो.

औषधांची यादीही तपासा. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी तीन महिन्यांहून जास्त प्रेडनिसोलोन, फिटांसाठी फेनिटॉइन, स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल, प्रमाणाबाहेर थायरॉइडची गोळी, ही सगळी हाडं पोखरतात. कर्करोगावर मात केलेल्या बायकांना ‘आता हाडांकडे बघा’ हे कुणी वेळेवर सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कमी वयात पिशवीसोबत अंडाशयंही काढलेल्या बायकांचंही तेच.

इंजेक्शनच्या आधी रक्ताच्या तपासण्या लागतील: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व. गरज पडली तर पॅराथायरॉइड. ही औपचारिकता समजू नका. हाडात खनिज कमी आहे एवढंच डेक्साला कळतं, का कमी आहे ते कळत नाही. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हाड मऊ पडलं असेल तरी आकडा तसाच खाली येतो, आणि मुंबईत हे रोज दिसतं. ऊन भरपूर आहे, पण आपण त्यात असतो कुठे? सकाळी लोकल, दिवसभर ऑफिस किंवा घर, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातले उपयोगी किरण काचेतच अडतात. अशा माणसाला ड न भरता थेट इंजेक्शन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. आधी ड भरायचं, मग इंजेक्शन.

ड ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, हा ठरावीक कोर्स. पुढे डॉक्टर अंतर वाढवतात. पण ‘बरं वाटतं’ म्हणून दोन-दोन वर्षं दर आठवड्याला पुडी घेणारे लोक मी पाहिलेत. कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा, शेवटी किडनीला इजा. केमिस्ट देतो म्हणून घेत राहू नका.

आता मुख्य औषधं. अॅलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात चहासुद्धा नाही, आणि इथेच आपल्याकडे गाडी अडते. चहासोबत घेतलेली गोळी जवळपास वाया जाते. हे जमणार नसेल किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल तर झोलेड्रॉनिक अॅसिड ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा सलाइनमधून. पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेलं इंजेक्शन बहुधा हेच असावं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत त्याने मणक्यांची फ्रॅक्चर्स सुमारे ७० टक्क्यांनी आणि खुब्याची सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल, एवढंच लागतं. मधुमेहामुळे आईंची किडनी मात्र आधी पाहायची. तिचं काम ठरावीक पातळीखाली असेल तर हे इंजेक्शन नाही.

दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबही चांगलं औषध आहे, पण ते सुरू करताना पुढचा विचार हवा. ते मध्येच सोडलं तर थांबलेली झीज उसळून येते आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. माझ्या एक पेशंट मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेल्या, सात-आठ महिने राहिल्या, इंजेक्शन राहून गेलं. परत आल्या त्या पाठ धरून. तीन मणके दबलेले होते. तारीख चुकवायची नाही, आणि थांबवायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून दुसऱ्या औषधावर जायचं. हाड नव्याने बांधणारी टेरिपॅराटाइडसारखी इंजेक्शनं खूप जास्त धोका असलेल्यांसाठी राखून ठेवतो. आईंच्या एक्स-रेत दबलेले मणके निघाले तर त्यांचा विचार करू.

‘या औषधांनी जबडा सडतो म्हणे’ हा प्रश्न येणारच. या मात्रेत तो त्रास फार दुर्मीळ आहे, वर्षाला दहा हजारांत एखादा किंवा त्याहूनही कमी. दात काढायचा असेल तर इंजेक्शनआधी काढून घ्या आणि जखम भरू द्या. अनेक वर्षं औषध घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत सतत दुखू लागलं तर मात्र लगेच दाखवा. गोळी पाच वर्षांनी किंवा वार्षिक इंजेक्शन तीन वर्षांनी थांबवून फेरविचार करतो, तो यासाठीच.

आहाराबद्दल थोडक्यात. आईंच्या वयाला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. मोठा कपभर दूध किंवा दही सुमारे २५० देतं, नाचणीची एक भाकरी दीडशेच्या आसपास. तीळ आणि काट्यासकट खाल्ले जाणारे सुके मासे चालत असतील तर चांगले. उरलेलं गोळीतून, एका वेळी ५०० हून जास्त नको, आणि गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणासोबत. डाळ, अंडी, उसळी यातलं प्रथिनही तितकंच हवं. चहा-बिस्किटावर रात्र काढणाऱ्या आया मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतात.

आणि घर बघा. न्हाणीघरात हाताला धरायला दांडा बसवा, पाण्याची बादली उंबऱ्यापाशी नको, सरकणारं पायपुसणं काढून टाका, रात्री लघवीला जायच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा. माळ्यावरचं सामान काढायला स्टूलवर चढणं आजपासून बंद. एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम रोज, ओट्याला धरून.

ताई, तुम्हाला सध्या डेक्साची गरज नाही. पाळी नियमित असेल, स्टिरॉइड नसेल, साध्या पडण्याने काही मोडलेलं नसेल, तर ३६ व्या वर्षी तो आकडा फक्त घाबरवेल. या वयात टी-स्कोअर लावतच नाहीत, वयाच्या मानाने ठरणारा झेड-स्कोअर बघतात. शिवाय आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांची हाडं मुळात आकाराने लहान असतात, आणि डेक्सा अशा हाडाला आहे त्यापेक्षा विरळ दाखवतो. पाळी गेली की या. चाळिशीच्या सुरुवातीलाच गेली तर तेव्हाच या.

आईंची पुढची डेक्सा दीड-दोन वर्षांनी, याच सेंटरमध्ये, याच मशीनवर. दुसऱ्या कंपनीच्या मशीनचा आकडा याच्याशी जुळवता येत नाही, आणि तीन-चार टक्क्यांचा फरक मोजणीतलाच असू शकतो. आता पुन्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन वर्षांपूर्वीचा मनगटाचा एक्स-रे शोधून फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि बोलणं तिथूनच सुरू करा.